जुना एसी: दरवर्षी गॅस भरत राहायचं, की बदलायचा?

मीनल_घोडबंदर
५ एप्रिल, सकाळी ११:२०

आमच्याकडे दोन स्प्लिट एसी आहेत आणि यंदा दोन्ही एकदमच बिघडले, म्हणून हा धागा.

पहिला सासऱ्यांच्या खोलीत. २०१३ सालचा, दीड टनी, साधा (इन्व्हर्टर नाही), गॅस आर-२२. दर उन्हाळ्याच्या तोंडावर गारवा कमी होतो, मेकॅनिक येतो, 'गॅस उतरलाय' म्हणतो, भरून जातो. पुढच्या मार्चला पुन्हा तेच. यंदा तो म्हणाला, इनडोअरची कॉइल गेली, आता यात पैसे घालू नका, नवीन घ्या.

दुसरा हॉलमध्ये. २०१८ चा इन्व्हर्टर, ५ स्टार, गॅस आर-४१०ए. इनडोअरचा पंखा फिरतो, आउटडोअर सुरूच होत नाही, डिस्प्लेवर एरर कोड येतो. सर्व्हिस सेंटरचा माणूस म्हणाला पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) बदलावा लागेल. त्याने सांगितलेला खर्च नव्या एसीच्या जवळजवळ एक तृतीयांश आहे.

सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे. मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये त्यांच्या खोलीत रात्रभर एसी लागतोच, बऱ्याचदा दुपारीही. हॉलमधला पाहुणे आले की किंवा मे महिन्यात संध्याकाळी थोडा वेळ. दोन्ही बदलायचे तर एकदम मोठा खर्च आहे. कोणता बदलावा, कोणता दुरुस्त करावा, आणि हे ठरवायचं कशावरून? इथे जाणकार आहेत म्हणून विचारतेय.

चेंबूरचा_अनिकेत
५ एप्रिल, दुपारी १२:०५

दहा वर्षांवरचा असेल तर सरळ बदला. पार्ट मिळत नाहीत, वीजही जास्त खातो.

गारवा
५ एप्रिल, रात्री ९:४०

मीनलताई, मी नाशिकला याच कामात आहे. इन्स्टॉलेशन आणि दुरुस्ती दोन्ही करतो. थोडं सविस्तर लिहितो.

एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत गोल फिरत असतो. खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर सोडतो, परत येतो. मशीन चांगलं असेल तर पंधरा वर्षांतही गॅस भरायची वेळ येत नाही. दरवर्षी उतरतोय याचा अर्थ कुठून तरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा भरणं. 'गॅस टॉप-अप' हा सर्व्हिसिंगचा भाग आहे असं लोकांच्या मनात बसलंय, त्याचा मला मनापासून त्रास होतो. यात गिऱ्हाइकाचे पैसे जातात, आणि कमी गॅसवर चालून कॉम्प्रेसर तापून मरतो तो वेगळाच.

म्हणून पहिला प्रश्न मेकॅनिकला विचारा: कॉइल गेली हे कशावरून ठरवलं? गळती कुठे आहे ते दाखवा. 'जुनं झालंय' हे उत्तर नाही.

गळती शोधायची रीत अशी. उरलासुरला गॅस मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. मग नळ्यांत कोरडा नायट्रोजन भरायचा, आर-२२ च्या मशीनला साधारण अडीचशे-तीनशे पीएसआय (दाबाचं एकक). काट्यावर खूण करून थांबायचं. काटा उतरला की गळती नक्की. मग सांध्यासांध्याला साबणाचा फेस. सगळ्यात आधी फ्लेअर नट (नळीचं पसरवलेलं टोक घट्ट धरणारे नट) बघायचे: दोन इनडोअरच्या मागे, दोन आउटडोअरच्या व्हॉल्व्हवर. तिथे गळत असेल तर बहुतेक वेळा तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. गळती तिथेच निघाली तर नळीचं टोक कापून नवीन फ्लेअर करायचं. काम छोटं, खर्च थोडा, आणि मशीन आणखी काही वर्षं आरामात चालेल.

गळती कॉइलमध्ये असेल तर गोष्ट वेगळी. कॉइलच्या वळणावर, ब्रेझिंगच्या (धातू वितळवून जोडलेल्या) जागी एखादं छिद्र असेल तर ते भरता येतं. पण तांबं काळं पडलं असेल, बारीक छिद्रं ठिकठिकाणी असतील, तर एक बुजवलं की थोड्या महिन्यांनी शेजारचं उघडतं. घोडबंदर म्हणजे खाडी जवळ. खाडी, नाला, सांडपाण्याची वाहिनी, जिथे कुजका वास येतो तिथल्या हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो आणि तो तांबं खातो. घरात नवं प्लायवूडचं फर्निचर किंवा रंगकाम झालेलं असलं तरी त्यातून निघणाऱ्या आम्लांच्या वाफा आणि कॉइलवरचं पाणी मिळून तांब्याला आतल्या आत बिळं पाडतात. २०१३ च्या मशीनची कॉइल अशी झाली असेल तर मी स्वतः गिऱ्हाइकाला दुरुस्ती सुचवत नाही.

एक सावधगिरी. प्रेशर टेस्टला फक्त नायट्रोजन. कोणी वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर घेऊन आला तर त्याला हात लावू देऊ नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो. यात माणसं गेली आहेत.

पीसीबीबद्दल उद्या लिहितो, पण तोवर बोर्ड बदलायला होकार देऊ नका.

हिशेबी_कोथरूड
६ एप्रिल, सकाळी ८:१५

गारवा यांनी तांत्रिक बाजू मांडली, मी विजेची मांडतो.

बीईईच्या (सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) स्टार लेबलवर वर्षाचे जे युनिट छापलेले असतात ते १६०० तासांचे असतात. रोज ८ तास धरले तर २०० दिवस. दीड टनी ५ स्टारवर साधारण ७५० ते ८०० युनिटचा आकडा दिसतो. त्याच्या शेजारी आयएसईईआर असतो, म्हणजे हंगामभरात एका युनिट विजेवर मशीन किती युनिट उष्णता बाहेर टाकतं. जुलै २०२२ च्या कोष्टकात ५ स्टारला तो किमान ५.० लागायचा. २०१३ च्या साध्या मशीनचा तसा काढला तर तीनच्या आसपास येईल. म्हणजे जेवढ्या गारव्याला तसं ५ स्टार मशीन ७७० युनिट घेतं, तेवढ्यालाच जुनं १२८० च्या घरात. फरक ५०० युनिट. वीज आकार, वहन आकार, शुल्क सगळं मिळून तुमच्या वरच्या स्लॅबला युनिट १२ रुपयाला पडतो असं धरा (तुमच्या बिलातला खरा आकडा घाला), वर्षाला ६००० रुपये.

सासऱ्यांच्या खोलीत वर्षाला १२००-१५०० तास सहज होत असणार. तिथे नवा ५ स्टार आठ-नऊ वर्षांत विजेच्या बचतीवरच आपली किंमत भरून काढेल, गॅस आणि मेकॅनिकचा खर्च वाचला तर त्याआधीच.

हॉलचं गणित नेमकं उलटं. २०१८ च्या कोष्टकात ५ स्टारला ४.५ पुरत होते. जुलै २०२२ च्या कोष्टकात ते मशीन ४ स्टार ठरलं, पण कार्यक्षमतेत फार मागे नाही. वर्षाला ३०० तास चालत असेल तर बदलून विजेत दोनशे-अडीचशे रुपये वाचतील. एवढ्यासाठी चाळीस हजारांचं मशीन घेणं मला पटत नाही. पीसीबी एक तृतीयांश किमतीला जरी बदलला तरी हॉलचा एसी दुरुस्तच करा.

अनिकेत, दहा वर्षं झाली की बदला हा नियम म्हणूनच मला मान्य नाही. वय एकटं काही सांगत नाही, तास आणि गळती सांगतात.

चेंबूरचा_अनिकेत
६ एप्रिल, सकाळी ९:५०

हॉलच्या बाबतीत मुद्दा पटला. पण आर-२२ चं काय? माझ्या माहितीप्रमाणे तो गॅसच बंद होतोय.

गारवा
६ एप्रिल, रात्री १०:१०

बरोबर आहे. आर-२२ ओझोनच्या थराला मारक, म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होतोय. भारतात १ जानेवारी २०२५ पासून नव्या उपकरणांच्या उत्पादनात एचसीएफसी (आर-२२ ज्या गटात मोडतो ते वायू) वापरायला बंदी आहे. जुन्या मशीनच्या दुरुस्तीसाठी अजून मिळतो, पण पुरवठा आटत चाललाय आणि २०३० पर्यंत जवळजवळ संपेल. म्हणून बाजारात आर-२२ च्या नावाखाली भलतंसलतं मिश्रण भरलेले डबे फिरतात. काहींत ज्वालाग्राही हायड्रोकार्बन असतो. ज्या मशीनची वायरिंग आणि रचना त्यासाठी केलेलीच नाही, त्यात तो भरणं धोक्याचं आहे. गॅस भरताना सिलिंडरवरचं नाव आणि सील बघा, आणि वजनकाट्यावर भरायला सांगा. मशीनमध्ये किती गॅस लागतो ते आउटडोअरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. नुसत्या गेजवर अंदाजाने भरणारा माणूस नको. त्याआधी व्हॅक्यूम पंप लावलाच पाहिजे; नळ्यांत हवा आणि दमट वाफ राहिली तर ती कॉम्प्रेसरला आतून खाते.

आता हॉलचा पीसीबी. इन्व्हर्टरमध्ये दोन बोर्ड असतात, एक आत, एक आउटडोअरमध्ये. एरर कोड कशाचा आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. 'आतबाहेरचा संपर्क तुटला' असा कोड असेल तर कित्येकदा बोर्ड ठणठणीत असतो आणि मधली वायर सैल झालेली असते, किंवा उंदराने कुरतडलेली. सेन्सरचा कोड असेल तर सेन्सर स्वस्तात मिळतो. आउटडोअरचा बोर्ड जळलाच असेल तर उघडून बघायला हवा. पाल आत शिरून दोन पट्ट्यांमध्ये शॉर्ट होणं हे आपल्याकडे फार वेळा सापडतं. व्होल्टेज अचानक वाढलं तर व्हॅरिस्टर (वाढीव व्होल्टेज स्वतःवर घेणारा छोटा पार्ट) किंवा फ्यूज उडतो आणि बाकीचा बोर्ड वाचतो. असे बोर्ड दुरुस्त होतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात चौकशी केली तर एसीचे बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर सापडतात. सर्व्हिस सेंटरवाले बोर्ड दुरुस्त करत नाहीत, बदलतात. त्यांची ती पद्धतच आहे, त्यात फसवणूक आहे असं नाही.

फक्त बोर्ड काढायला स्वतः जाऊ नका. इन्व्हर्टरच्या बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या पार्टमध्ये) वीज बंद केल्यावरही काही वेळ विजेचा जीवघेणा दाब राहतो.

सावली_चेंबूर
७ एप्रिल, दुपारी ३:३०

कपॅसिटरवरून आठवलं. साधा एसी असलेल्यांसाठी सांगते: पंखे फिरतात, गार होत नाही, आउटडोअरमधून नुसता घुंऽऽ आवाज येऊन बंद पडतं, असं झालं की 'कॉम्प्रेसर गेला' ऐकून हबकू नका. आधी रनिंग कपॅसिटर तपासायला सांगा. आमच्या आईकडे एकाने कॉम्प्रेसर बदलायचा खर्च सांगितला होता, दुसऱ्याने मीटर लावून कपॅसिटर बदलला आणि मशीन चालू झालं. काहीशे रुपयांची वस्तू आहे.

रत्नागिरीकर
७ एप्रिल, रात्री ८:४५

मीनलताई, खाडीजवळ राहता म्हणून एक पाहून घ्या: आउटडोअर ज्या ब्रॅकेटवर उभा आहे तो ब्रॅकेट.

आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यात साध्या लोखंडी ब्रॅकेटची चार-पाच पावसाळ्यांत चाळण होते. रंग वरून शाबूत दिसतो आणि आतून पापुद्रे सुटलेले असतात. भिंतीतले बोल्ट तर दिसतच नाहीत. तीस-चाळीस किलोचं धूड वरच्या मजल्यावरून खाली आलं तर काय होईल? तेरा वर्षांचा जुना ब्रॅकेट असेल तर त्यावर नवीन मशीन ठेवूच देऊ नका. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचा ब्रॅकेट आणि नवे अँकर बोल्ट. इन्स्टॉलेशनवाला जुनाच चालेल म्हणेल. ठाम राहा.

आणि उन्हाळ्यात अधूनमधून आउटडोअरच्या कॉइलवर साध्या नळाचं गोडं पाणी सोडून मीठ धुऊन काढायचं (मेन बंद करून). जोराचा फवारा नको, कॉइलवरच्या ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या वाकून मिटतात. तांब्याची कॉइल घ्या असं मी किनाऱ्यावरच्या सगळ्यांना सांगतो, कारण गळली तर दुरुस्त तरी करता येते.

मीनल_घोडबंदर
१२ एप्रिल, सायंकाळी ६:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. इथे वाचल्यामुळे काय विचारायचं ते कळलं, आणि त्यामुळे समोरच्या माणसाचं बोलणंही बदललं.

दुसरा टेक्निशियन बोलावला, नायट्रोजन टेस्टची अट आधीच फोनवर सांगितली. सासऱ्यांच्या खोलीतल्या मशीनचे चारही फ्लेअर कोरडे निघाले. कॉइल मात्र काळी पडलेली आहे आणि साबण लावल्यावर एकापेक्षा जास्त ठिकाणी बुडबुडे आले. म्हणजे पहिला मेकॅनिक कॉइलबद्दल बरोबर होता, फक्त त्याने इतकी वर्षं ते शोधलं नव्हतं. हे मशीन बदलायचं ठरलं.

हॉलच्या आउटडोअरमध्ये पाल निघाली. बोर्डाचा एक कोपरा जळला होता. कारागिराने दुरुस्त करून दिला, सर्व्हिस सेंटरच्या आकड्याच्या खूप कमी खर्चात, आणि एसी चालू आहे. आउटडोअरच्या बोर्डाच्या पेटीला जिथे वायरी आत जातात तिथली फट त्याने बंद करून दिली.

आता नव्यासाठी विचारते. बिल्डरने तांब्याच्या नळ्या भिंतीतून नेल्या आहेत. त्याच वापरता येतील का? आणि जुन्या मशीनचं काय करू? भंगारवाला चांगले पैसे देतोय.

गारवा
१२ एप्रिल, रात्री ११:००

आधी जुन्या मशीनचं, कारण तिथे घाई होते आणि घाईत लोक जखमी होतात.

एसी काढताना 'पंप डाउन' करतात: एक व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर चालवायचा आणि सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून कोंडायचा. मशीन धड असेल तर हे ठीक. तुमचं गळकं आहे. गळक्या नळ्यांतून कॉम्प्रेसर बाहेरची हवा आत ओढेल, ती गरम तेलाबरोबर दाबली जाईल आणि आउटडोअर फुटू शकतो. गळक्या मशीनवर पंप डाउन नाही. गॅस उरला असेल तर रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढायचा.

भंगारवाला तांब्यासाठी नळ्या करवतीने कापतो आणि गॅस हवेत जातो. एक किलो आर-२२ सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो, ओझोनचं नुकसान वेगळं. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ मध्ये एसी येतो. एप्रिल २०२३ पासून ते लागू आहेत आणि अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे मशीन जाईल याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. एक्स्चेंजमध्ये द्या किंवा कंपनीला उचलायला सांगा. पैसे थोडे कमी मिळतील. गॅस काढून घेतला का, हे मात्र नक्की विचारा.

नळ्यांबद्दल. आर-२२ च्या मशीनमध्ये मिनरल ऑइल असतं. नवीन मशीन आर-३२ चं येईल, त्याला वेगळं, कृत्रिम तेल लागतं. जुन्या नळ्यांत राहिलेलं तेल आणि मळ नव्या कॉम्प्रेसरला चालत नाही. शिवाय आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो, तेरा वर्षांच्या नळीची जाडी आणि सांधे त्याला टिकतील का ते आधी ठरवावं लागतं. शक्य असेल तर नव्या नळ्या बाहेरून न्या, वर पीव्हीसीचं ट्रंकिंग (नळ्या झाकणारी पट्टी) लावा. भिंत दिसायला थोडी वाईट दिसेल, पण उद्या गळती शोधायला टाइल फोडावी लागणार नाही. भिंतीतल्याच वापरायच्या असतील तर आतून धुऊन, नायट्रोजनचा दाब रात्रभर धरून बघा आणि मगच जोडा.

भिंतीतली ड्रेनची नळीही तपासा. बादलीभर पाणी ओतून बघा. निम्म्या घरांत 'एसी गळतो' ही तक्रार ड्रेन तुंबल्याची असते, मशीनची नसतेच.

आणि आउटडोअर कुठे आहे? डक्टमध्ये (इमारतीच्या मधल्या अरुंद मोकळ्या जागेत)?

मीनल_घोडबंदर
१३ एप्रिल, सकाळी ७:५०

हो, डक्टमध्येच. समोरच्या फ्लॅटचाही तिथेच आहे, तोंड आमच्या आउटडोअरकडे.

गारवा
१३ एप्रिल, दुपारी २:१५

मग नवीन मशीन तिथे ठेवायच्या आधी सोसायटीशी बोला. समोरासमोर तोंडं असली की एकाची गरम हवा दुसऱ्याच्या कॉइलमध्ये जाते. लेबलवरची कार्यक्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजायला सुरुवात होते. बंद डक्टमध्ये मे महिन्याच्या दुपारी आउटडोअरभोवतीची हवा पन्नासच्या वरही जाऊ शकते. ५ स्टारचं मशीन घेऊन तिथे कोंबलं तर हिशेबी यांनी काढलेली बचत हातात येणार नाही. बाहेरच्या भिंतीवर परवानगी मिळत असेल तर तिथे न्या. नसेल तर निदान वरखाली सरकवून तोंडं चुकवा. मला विचाराल तर ब्रँड निवडण्यापेक्षा या जागेवर जास्त वेळ घालवा.

सासऱ्यांसाठी: फिल्टर दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुवा. कॉइल आणि ब्लोअरवर काळी बुरशी धरते, दम्याच्या माणसाला तीच बाधते. उन्हाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा ब्लोअर काढून पूर्ण धुऊन घ्या, नुसता समोरून जेट मारलेला पुरत नाही. सकाळी बंद करायच्या आधी अर्धा तास फक्त पंख्यावर चालवला तर कॉइल कोरडी होते.

हिशेबी_कोथरूड
१३ एप्रिल, रात्री ९:००

खरेदीबद्दल दोन गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, कोटेशनमध्ये तो तसाच लागलाय का पाहा. 'कॉम्प्रेसरवर १० वर्षं वॉरंटी' म्हणजे बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसर. गॅस, मजुरी, ने-आण तुमची. कॉइलवर आणि पीसीबीवर किती वर्षं आहे ते लेखी घ्या, कारण तुमच्या घरात याच दोन वस्तू गेल्या आहेत.

संत्रानगरी
१४ एप्रिल, रात्री १०:३०

नागपूरहून लिहितो. आमच्याकडं एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की कूलरच खरा कामाचा. पंचेचाळीस अंशाला एसीचं मशीन दमून जातं, कूलर त्याच दुपारी सगळ्यात छान चालतो. जून लागला, पाऊस पडला की मात्र त्याचा उपयोग संपला.

पण भाऊ, जुन्या कूलरचं एक लिहायलाच पाहिजे. लोखंडी बॉडी, पाण्याची टाकी, जुनी झालेली मोटरची वायर, आणि अर्थिंग नसलेला सॉकेट. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं, लेकरं दगावतात. कूलर माळ्यावरून काढला की पाणी भरायच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलवा: पंपाची वायर, मोटरची वायर, बॉडीचं अर्थिंग. घरात ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. पाणी भरताना नुसतं बटण बंद नाही, प्लगच काढायचा. लेकरांना कूलरपाशी खेळू देऊ नका. ज्याच्याकडं टाकीला गंज लागून भोकं पडली, त्यानं यंदा फायबर बॉडीचा घ्यावा आणि जुना कोणाला देऊ नये.

टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून वाळवा. डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात वाढतो.

एडिसनकर
१५ एप्रिल, पहाटे ४:१०

न्यू जर्सीहून. गॅस हवेत सोडण्याबद्दल गारवा यांनी लिहिलं म्हणून इथली पद्धत सांगतो. इथे रेफ्रिजरंटला हात लावणाऱ्या टेक्निशियनला ईपीएचं (अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेचं) 'सेक्शन ६०८' प्रमाणपत्र लागतं आणि गॅस जाणूनबुजून हवेत सोडणं बेकायदा आहे. आपल्याकडच्या कुशल मुलांनाही असं प्रशिक्षण आणि रिकव्हरी मशीन सहज मिळालं पाहिजे असं फार वाटतं.

आमच्याकडे मोठा प्रश्न एसीपेक्षा फर्नेसचा. घर गरम करणारी गॅसची भट्टी तळघरात असते, वीस वर्षं सहज चालते. ती बदलायची की नाही हे मी हीट एक्स्चेंजरवर ठरवतो. त्याला तडा गेला तर जळालेल्या वायूतला कार्बन मोनॉक्साइड घरातल्या हवेत मिसळू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. तडा दिसला की दुरुस्ती नाही, भट्टीच बदलायची. दर मजल्यावर सीओ अलार्म लावलेला आहे आणि थंडीच्या आधी दरवर्षी तपासणी करतो.

पिंपळे_सौदागर
१५ एप्रिल, सकाळी ९:४०

कार्बन मोनॉक्साइड वाचून धस्स झालं. आमच्या बाथरूममध्ये आठ-नऊ वर्षांपूर्वीचा गॅस गीझर आहे, आतच, शॉवरच्या बाजूला. खिडकी आहे पण पाल-डास येतात म्हणून काच लावून घेतली आहे. ज्योत पूर्वी निळी होती, आता पिवळसर दिसते. मुलगी अंघोळीनंतर डोकं दुखतं म्हणते. आम्हाला वाटलं गरम पाण्यामुळे. विषय एसीचा आहे, पण उत्तर मिळालं तर बरं होईल.

गारवा
१५ एप्रिल, सकाळी १०:०५

आत्ताच्या आत्ता तो गीझर बंद करा. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा आणि घरात कोणालाही तो वापरू देऊ नका.

पिवळी ज्योत म्हणजे ज्वलन अपुरं होतंय. बर्नर काजळीने भरला असेल किंवा खोलीत हवा पुरत नसेल, बहुधा दोन्ही. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि अंघोळीनंतर डोकं दुखणं, चक्कर, मळमळ ही त्याचीच लक्षणं असू शकतात. बंद बाथरूममध्ये माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो आणि आतून कडी लावलेली असते. मुलीला आजच डॉक्टरांकडे न्या आणि 'बाथरूममध्ये गॅस गीझर आहे, ज्योत पिवळी आहे' हे स्पष्ट सांगा.

सर्व्हिसिंग करून हा पुन्हा बाथरूमच्या आत लावू नका. गॅस गीझर लावायचाच तर बाल्कनीत किंवा उघड्या युटिलिटीत लावून फक्त गरम पाण्याची नळी आत आणतात. ते जमत नसेल तर विजेचा १५ लिटरचा साठवणीचा गीझर घ्या. तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर टाकीतला मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड दोन वर्षांनी बदलायला सांगा, क्षारांनी तो लवकर झिजतो आणि मग टाकी सडायला लागते. सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलाय का तेही बघून घ्या. पुष्कळ प्लंबर तिथे नुसती प्लग मारून जातात.

तोवर पाणी स्वयंपाकघरात शेगडीवर तापवा, खिडकी उघडी ठेवून. गीझर बंद केलात की इथे एवढंच लिहा.

पिंपळे_सौदागर
१५ एप्रिल, सकाळी १०:२०

बंद केला. रेग्युलेटरही काढून ठेवला. मुलीला घेऊन आत्ता निघतोय.